दातरी आणि गुळगुळी

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना जिथे संपतो तिथे एक खोली आहे आणि तिच्यात दहा हजार झाडं राहतात. सगळी मेलेली. कुणी साठ वर्षांपूर्वी, कुणी गेल्या महिन्यात. जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेली, वाळवलेली, मग जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्याने टाके घालून बसवलेली. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: नाव काय, कुठे सापडलं, कधी, कुणी तोडलं, कुणी ओळखलं. खोलीला डांबरगोळ्यांचा असा वास, की नवीन माणूस दारातच शिंकतो आणि जुन्या माणसाला बाहेरची हवा बेचव लागते.

या खोलीतलं सगळ्यांत जुनं जिवंत माणूस म्हणजे वाळवणकाका. हे नाव मुलांनी ठेवलेलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच सुखात होतं. एकतीस वर्षं काकांनी झाडं वाळवली होती आणि वाळलेल्या झाडाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अर्धं पान द्या, तुटका देठ द्या, काका चष्मा कपाळावर सरकवून नाव सांगत. मात्र जिवंत झाड समोर आलं की त्यांची जरा पंचाईत होई. ते हलायचं, हिरवं असायचं, चारही बाजूंना पसरलेलं असायचं. एकदा भाचीच्या अंगणात ते जास्वंदीपुढे पाच मिनिटं उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "वाळली की सांगतो."

काकांची उंची पाच फूट एक इंच, बुटांसकट. उंचीचा विषय त्यांना खपत नसे, पण या हकिकतीत तो टाळता येत नाही.

आणि स्वभाव. प्राचार्य जिना चढताहेत असं कळलं की काका खुर्ची पुसत, पंखा त्यांच्याकडे वळवत आणि "आपण म्हणता तेच बरोबर" हे वाक्य तयार ठेवत. प्राचार्य उतरले की तीच जीभ शिपायावर, पाणीवाल्यावर, पहिल्या वर्षाच्या मुलांवर चाले. मुलं हसत, कारण काका बोलत छान. टोमणा मारावा तर काकांनी. लागायचा त्याला लागे, बाकीच्यांची करमणूक होई.

कॉलेजच्या मागे डोंगर आहे. उन्हाळ्यात तो खरवडलेल्या कढईसारखा दिसतो, पण तेव्हाही त्याच्या अंगावर एक झुडूप ठिकठिकाणी गर्द हिरवं उभं असतं. पान जाड, चामड्यासारखं, वरून चकचकीत. पानगळ हा शब्द त्याने ऐकलेलाच नाही. माणसापेक्षा थोडं उंच वाढतं, कधी दीडपट. वीस वर्षांपूर्वी या झुडपाचे नमुने गोळा करायला दोन माणसं डोंगरावर गेली होती. एक काका आणि दुसरे विभागातले उंच सर. सरांची उंची सहा फूट तीन इंच आणि जीव शेवाळावर. आभाळाला टेकलेला तो माणूस आयुष्यभर गुडघ्यावर बसून दगडावरचं शेवाळ बघत राहिला. काकांना मदत म्हणून त्यांनी जाता जाता हात वर करून चार फांद्या मोडून दिल्या. काकांनी आपल्या उंचीच्या मानाने खालच्या चार मोडल्या.

खोलीत आल्यावर काकांनी दोन्ही गठ्ठे टेबलावर मांडले आणि ओळखीचं जाड पुस्तक उघडलं. ते पुस्तक सरकारी खिडकीवरच्या कारकुनासारखं असतं. ते काही सांगत नाही, फक्त विचारतं. पानाची कड दातेरी आहे? अमुक पानावर जा. कड सरळ आहे? तमुक पानावर जा. एकदा एका पानावर गेलात की मागे वळून दुसऱ्या वाटेने गेलेल्याची चौकशी करायची पद्धत नाही. काकांच्या फांद्यांना काटेरी दात होते, सरांच्या फांद्यांची पानं गुळगुळीत. दोन वाटा, दोन नावं. शास्त्रीय नावं लांबलचक असल्यामुळे काकांनी मुलांसाठी एकीचं नाव ठेवलं दातरी आणि दुसरीचं गुळगुळी. दातरी चौथ्या कपाटात गेली, गुळगुळी नवव्यात. पुढे दातरीचे एकवीस कागद झाले, गुळगुळीचे बावीस. परीक्षेत दरवर्षी हमखास प्रश्न यायचा, दातरी आणि गुळगुळी यांतले पाच फरक लिहा. मुलं पाच लिहायची. त्यांतले तीन काकांनी स्वतः बनवलेले होते, कारण दोनच सापडत होते.

आता माळीणबाई. कॉलेजची बाग, रोपवाटिका आणि प्रयोगाला लागणारा हिरवा माल हे सगळं त्या बघत. बाई काकांच्याच वयाच्या, अंगाने काटक आणि बोलायला कमी. बारा वर्षांपूर्वी एके दिवशी त्या फांद्यांची टोपली घेऊन वर आल्या तेव्हा टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी होते आणि भोवती वीस मुलं. बाईंनी टोपली ठेवली, कागद बघितले आणि सहज म्हणाल्या, "ही दोन्ही एकाच झाडाची आहेत काका. ही खालची, ही वरची."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, झाडाला पाणी घालणं वेगळं आणि झाडाला नाव घालणं वेगळं. आज झारी विसरलात आणि दुर्बीण घेऊन आलात वाटतं." मुलं हसायला लागली, तशी काकांना आणखी उभारी आली. "मुलांनो, नीट बघून घ्या. या आमच्या शास्त्रज्ञबाई."

हसण्याचा खूप मोठा आवाज झाला. बाई टोपली घेऊन खाली गेल्या. घरी येऊन काकांनी हा किस्सा काकूंनाही रंगवून सांगितला आणि दुसऱ्यांदा हसले.

ते नाव चिकटलं. वर्षं गेली, ती मुलं पास होऊन निघून गेली, नाव राहिलं. पहारेकरी म्हणे, "शास्त्रज्ञबाई, फाटक लावून घ्या." कार्यालयातले कारकून म्हणत, "शास्त्रज्ञबाई, कुंड्या कधी देताय?" कुणाला वाटायचं कौतुकाचं आहे, कुणाला वाटायचं आडनावच आहे. त्या दिवसापासून बाई खोलीत आल्या नाहीत. टोपली दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवत आणि परत जात. काका मनात म्हणत, बाई शिस्तीच्या आहेत.

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. काकूंनी ते मनावर घेतलं. त्या सकाळी डोंगराच्या वाटेवर काकू पुढे, काका मागे, अशी वरात निघाली होती. वर पाण्याची पाइपलाइन टाकण्यासाठी चर खणला होता आणि खणताना यंत्राने एक झुडूप मुळासकट उपटून कडेला आडवं टाकलं होतं. ताजंच होतं. मुळांची माती ओली होती.

"बसा जरा," काकू म्हणाल्या. "तुमचं तोंड लाल झालंय."

काका त्या आडव्या झाडाच्या बुंध्यापाशी दगडावर बसले. समोर पानं होती, काटेरी. दातरी, काका मनात म्हणाले, चौथं कपाट. मग नजर जरा पुढे गेली. पुढच्या फांदीवरच्या पानांना दात कमी होते. त्याच्या पुढच्या फांदीवर पानाला दोनतीनच. काका उठले आणि झाडाच्या अंगाने चालू लागले. उभं असतं तर त्यांना शेंडा कधी दिसला नसता. आता सगळं झाड ओळीत निजलं होतं, बुंध्यापासून टोकापर्यंत. मध्यावर एक फांदी होती. तिच्यावर एक पान काटेरी, शेजारचं फक्त टोकाला एक काटा असलेलं, त्याच्या शेजारचं गुळगुळीत. आणि शेंड्याला सगळी पानं इतकी गुळगुळीत, की उंच सरांनीच तोडावीत.

काका चार-पाच पावलं चालले होते आणि चौथ्या कपाटातून नवव्यात पोचले होते.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. "सापडलं काही?"

"काही नाही," काका म्हणाले. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, पण काका पुन्हा बुंध्यापर्यंत गेले आणि पुन्हा शेंड्यापर्यंत आले. तिसऱ्यांदा गेले. मग त्यांनी ती मधली फांदी तोडली आणि रुमालात गुंडाळली. चोरीचा माल लपवावा तशी.

घरी काकूंनी ती फांदी पाण्याच्या तांब्यात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवली. काकांना वाटलं, दोन दिवसांत सुकेल, मग फेकून देऊ. पण ती जात सदा हिरवी. पाणी मिळालं की तिला तोडल्याचाही पत्ता लागत नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. काका सकाळी चहा घ्यायला बसत आणि फांदी समोर टवटवीत उभी असे, अर्धी काटेरी, अर्धी गुळगुळीत. एकतीस वर्षं झाडं वाळवलेल्या माणसाच्या घरात एक फांदी वाळायला तयार नव्हती. काका खुर्ची बदलून बसले, तर काकूंनी तांब्या फिरवून ठेवला. त्यांना काही ठाऊक नव्हतं. ऊन लागावं म्हणून फिरवला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, काका स्वतःला सांगत. चार महिने उरलेत. दोन्ही कपाटांना कुलूप आहे, किल्ली आपल्याकडे. कोण बघतंय? पण चोराच्या मनात चांदणं. मुलांनी "काका, गुळगुळी काढून द्या ना" म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या तापत. पाठ केलेले पाच फरक मुलं त्यांच्यासमोरच म्हणून दाखवत. तिसरा फरक आला की काकांना खोकला येई.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. या कामात एक रिवाज आहे आणि तो फार निष्ठुर आहे. नाव चुकलेलं कळलं तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही, तिच्यावर काही चिकटवायचं नाही. तिच्या शेजारी नवीन चिठ्ठी लावायची. तिच्यावर बरोबर नाव, तारीख आणि ते कुणी ओळखलं त्याचं नाव. जुनी चूक जन्मभर दिसत राहते, चुकणाऱ्याच्या सहीसकट. काकांनी असल्या शेकडो चिठ्ठ्या दुसऱ्यांच्या चुकांशेजारी लावल्या होत्या आणि लावताना शीळ घातली होती.

त्यांनी बरोबर नाव लिहिलं. तारीख लिहिली. 'ओळखणार' याच्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं.

काकू चहा ठेवायला आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, फांदी बघितली आणि सगळा प्रकार विचारून घेतला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे खालच्यांना काटे आणि वरच्यांना गुळगुळीत. हे झाड मी कुठंतरी पाहिलंय."

काकांनी चिठ्ठी जरा आपल्याकडे ओढली.

"आणि हे तुम्ही कुठं ओळखलंत? ती माळीण म्हणाली होती ना? तुम्हीच सांगत आला होतात. खुर्चीत बसून असे हसत होतात, की तुमचा चहा सांडला होता."

काकांना तो चहा आठवला. काकूंनी तो पुसलाही होता. त्यांनी चिठ्ठी फाडली, नवी घेतली. नाव लिहिलं, तारीख लिहिली. 'ओळखणार' याच्यापुढे पेन टेकवलं आणि पेन तिथेच राहिलं. माळीणबाईंचं नाव त्यांना माहीत नव्हतं. वीसबावीस वर्षं एका फाटकातून ये-जा केली होती. दहा हजार मेलेल्या झाडांची नावं तोंडपाठ होती. या बाईचं फक्त एकच नाव ठाऊक होतं, जे त्यांनी स्वतः ठेवलं होतं. ते लिहिण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका रोपवाटिकेत गेले. बाई पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. काकांनी खाकरून बघितलं. बाईंनी वर बघितलं आणि पुन्हा माती भरू लागल्या.

"बाई, ते डोंगरावरचं झुडूप," काका म्हणाले. "दोन नाहीत. एकच आहे."

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात."

"हो."

बाईंच्या 'हो'ला टेकायला जागाच नव्हती. काका शेजारच्या उलट्या कुंडीवर बसले. "तुम्हाला कसं कळलं होतं?"

"लहानपणी शेळ्या होत्या आमच्याकडं," बाई म्हणाल्या. "शेळी खालचा पाला खात नाही, टोचतो. आम्ही आकडीनं वरची फांदी खाली ओढायचो, मग खायची. रोजचं होतं. शेळीचं तोंड जिथवर पोचतं तिथवर झाड काटे काढतं. खाल्लं की पुढचं पान काटेरी. वर कोण खायला येतंय? वर कशाला कष्ट करील ते? आणि कड्यावर जिथं शेळी जातच नाही ना, तिथं खालपासून गुळगुळीतच असतं."

कड्यावरचं काकांना माहीत नव्हतं. त्यांच्या जाड पुस्तकालाही नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढला. "मला चिठ्ठ्या लावायच्या आहेत. बावीस. तुम्ही ओळखलं असं लिहायचं आहे. तुमचं नाव पाहिजे."

बाईंचे हात थांबले. "माझं नाव तुम्हाला माहीत नाही?"

"नाही," काका म्हणाले. हे सांगताना ते कुंडीकडे बघत होते.

"सगळ्या कॉलेजला माहीत आहे. शास्त्रज्ञबाई." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "काका, ती चिठ्ठी कपाटात जाणार. कपाटाला कुलूप. तुम्ही बोललात तेव्हा कुलूप नव्हतं. वीस पोरं होती."

"ती पोरं आता कुठे शोधू? बारा वर्षं झाली."

"नवीन आहेत की. त्यांनाही तेच नाव माहीत आहे." बाईंनी पुढची पिशवी घेतली. "आधी ते करा. मग नाव सांगते."

काका चार दिवस आजारी पडण्याची वाट बघत होते. तब्येत ठणठणीत राहिली. पाचव्या दिवशी प्रयोगाच्या तासाला त्यांनी विभागात नुकत्याच आलेल्या नव्या मॅडमकडे दहा मिनिटं मागितली, दातरीचा एक कागद आणि गुळगुळीचा एक कागद टेबलावर ठेवला आणि मध्ये ती फांदी. मुलांनी वह्या उघडल्या. काका म्हणजे गंमत, हे ठरलेलं होतं.

काकांचीही जीभ सवयीच्या वाटेने गेली. "मुलांनो, आपल्या कॉलेजात एक थोर शास्त्रज्ञ आहेत, झारीवाल्या," त्यांनी सुरुवात केली आणि मुलं हसली. पाठोपाठ कुणीतरी म्हणालं, "शास्त्रज्ञबाई." आणखी हसली. बारा वर्षांपूर्वीचाच आवाज होता तो. काकांनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर, स्टुलाशेजारी, बाई टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांना आज फांद्या आणायला मॅडमनी सांगितलं होतं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. माफी मागायला उभा राहिलेला माणूस पुन्हा तेच करून बसला होता.

"हसू नका," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. "मी चुकीचं बोललो. आत्ताही आणि तेव्हाही." मग त्यांनी सांगायला घेतलं. खालच्या फांद्या त्यांनी कशा तोडल्या, वरच्या सरांनी कशा. पुस्तकाच्या दोन वाटा. मधली फांदी हातोहात फिरली. पाच फरकांतले तीन आपण बनवले होते हे ते सांगत असताना एक मुलगी वहीत तेच पाच फरक शोधत होती. तिने पान उलटून ठेवलं.

"मग गुळगुळी असं झाडच नाही?" एकाने विचारलं.

"या डोंगरावर नाही. कधीच नव्हतं. आणि हे मला बारा वर्षांपूर्वी माळीणबाईंनी सांगितलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

हा प्रश्न येईल हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पाणी घालणं, नाव घालणं, झारी, दुर्बीण, शास्त्रज्ञबाई. एक शब्द गाळला नाही. याच वाक्यावर एके काळी खोली दणाणली होती. आज कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं काकांना वाटलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मघाशी 'शास्त्रज्ञबाई' म्हणालेला मुलगा पायांकडे बघत होता.

"ते नाव मी ठेवलं," काका म्हणाले. "चेष्टेनं. ते पुन्हा कुणी घेऊ नका."

कुणालाच पुढे काय करायचं कळेना. तेव्हा दारातून आवाज आला, "कड्यावरचं राहिलं."

"ते मी बघितलेलं नाही," काका म्हणाले. "तुम्ही सांगा."

बाई उंबऱ्याशी थांबल्या. मग टोपली स्टुलावर न ठेवता आत घेऊन आल्या, टेबलावर ठेवली, डांबरगोळ्यांच्या वासाने एकदा शिंकल्या आणि शेळ्यांपासून सुरुवात केली. दहा मिनिटांची पंचवीस झाली. मुलांनी विचारलं, सांगितलं, वाद घातला. शेळी खात नाही अशी आणखी चार झुडपं एका मुलाने विचारली. काका भिंतीशी उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मुलं गेल्यावर काकांनी नववं कपाट उघडलं आणि बावीस कागद टेबलावर काढले. बाईंनी एकेक बघितला. जुन्या चिठ्ठीवरची काकांची सही बावीस वेळा आली.

"हे असंच राहणार?" त्यांनी सहीवर बोट ठेवून विचारलं.

"असंच राहणार."

बाईंचा चेहरा सैल झाला नाही. काकांनी पहिली कोरी चिठ्ठी पुढे घेतली. नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि थांबले. बाईंनी आपलं नाव सांगितलं. काकांनी ते सावकाश लिहिलं आणि पुढे आडनाव विचारलं.

बाईंनी जरा विचार केला.

"माहेरचं घाला," त्या म्हणाल्या. "झाडं मी तिकडं शिकले."

काकांनी ते लिहिलं, चिठ्ठी वाळायला बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.